त्याची गोष्ट, त्याच्यासकट : डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या माणसाविषयी कसं लिहावं

गोव्यातल्या मराठी घरांत डाऊन सिंड्रोमविषयी, म्हणजे एक गुणसूत्र जादा असल्याने जन्मतः येणाऱ्या अवस्थेविषयी, बोललं पुष्कळ जातं, लिहिलं मात्र क्वचितच. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलेल्या आया, विशेष शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट बघणारे बाबा, जत्रेत अवचित भेटलेली दोन कुटुंबं एकमेकांना जे सांगतात ते डॉक्टरी पुस्तकात सापडत नाही. बाळाला दूध ओढता येत नव्हतं तेव्हा काय केलं, एका शाळेने नाही म्हटल्यावर कुठे गेलो, वयात आलेल्या मुलीला पाळीबद्दल कसं समजावलं, हे सगळं बोलण्यातच विरून जातं. ज्या घरात काल असं बाळ जन्माला आलं, त्या घरापर्यंत ते पोचत नाही.

माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. मी त्याच्याबद्दल लिहिलं, मग त्याला बरोबर घेऊन लिहिलं, आणि पुढे ओळखीच्या काही पालकांना त्यांच्या आठवणी कागदावर आणायला मदत केली. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. ज्याच्या आयुष्याची गोष्ट आहे, तो त्या लिखाणात सांगणारा म्हणून, दुरुस्ती करणारा म्हणून, वेळप्रसंगी 'हे नको' म्हणणारा म्हणून हजर हवा. खालची सगळी रीत त्याच पायावर उभी आहे.

वाचणारा कोण, ते आधी ठरवा

वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा: मी हे अमुक माणसासाठी लिहितोय. नुकतंच निदान कळलेली आई, आपल्या वाड्यावरचे लोक आणि नातेवाईक, की स्वतः तुमचा मुलगा किंवा मुलगी? तिघांना पुरेल असं एकच लिखाण होत नाही. नव्या आईला बारीक तपशील हवा असतो: चमच्याने दूध पाजताना बाळाला किती उभं धरायचं, पहिलं पाऊल कधी पडलं, फिजिओचे व्यायाम घरी कोण करून घ्यायचं. वर्तमानपत्राच्या वाचकाला हजारेक शब्दांत एखादा प्रसंग पुरतो. घरातल्यांसाठी लिहिलंत तर नावं, फोटो, टोपणनावं सगळं येऊ शकतं, कारण ती वही घराबाहेर जाणार नाही.

पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांना मी सांगते, नव्या आईसाठी लिहा. तिच्यासमोर बसून बोलतोय असं समजलं की अलंकार आपोआप गळून पडतात.

त्याला विचारा, आणि नकार पाळा

लिहिण्याआधी विचारायचं, हे बहुतेकांना सुचतच नाही. 'त्याला काय कळणार' हे उत्तर मी शिकलेल्या घरांतही ऐकलं आहे. कळतं. विचारायची पद्धत मात्र वेगळी लागते.

'तुझ्या आयुष्यावर पुस्तक लिहू का?' हा प्रश्न फार मोठा आहे आणि हवेतला आहे. त्यापेक्षा फोटो समोर ठेवा. 'हा शाळेतल्या नाटकाचा फोटो. ही गोष्ट मी लिहिणार. वर्तमानपत्रात येईल. मामा वाचेल, शेजारचे वाचतील. चालेल?' आधी घडीचं वर्तमानपत्र हातात देऊन, त्यात लोकांच्या गोष्टी कशा छापून येतात ते दाखवा. एका वेळी एकाच गोष्टीबद्दल विचारा. डाऊन सिंड्रोम असलेली बरीच मंडळी समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात, म्हणून दोन दिवसांनी तोच प्रश्न उलटा विचारा: 'ही गोष्ट आपल्या घरातच ठेवूया?' दोन्हींना हो आलं तर अजून ठरलेलं नाही, थांबा. एका प्रसंगाला होकार आणि दुसऱ्याला नकार असंही होईल. तो नकार पाळला जातो हे त्याला दिसलं की पुढच्या वेळी तो जास्त मोकळेपणाने सांगतो.

मूल लहान असेल तर निर्णय तुमचाच, पण एक कसोटी लावा: हेच वाक्य मी माझ्या दुसऱ्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीबद्दल छापलं असतं का? शी-शूची सवय, अंगावरचे डाग, वयात येतानाच्या खाजगी गोष्टी, कपडे बदलतानाचा फोटो यांतलं बहुतेक काही या कसोटीला उतरत नाही. पालकांना त्यातलं काही सांगणं खरोखर उपयोगाचं असेल तर मुलाचं नाव न घालता, 'काही मुलांच्या बाबतीत' असं वेगळं टिपण लिहा. दिव्यांगत्वाचा दाखला, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), शाळेची बस कुठे थांबते ती जागा, हे फोटोत किंवा मजकुरात येऊ देऊ नका.

कोण बोलतंय?

या विषयावरच्या आत्मकथनांचा इतिहास इथे थोडा माहीत असावा, कारण हाच प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो. अमेरिकन अभिनेत्री डेल एव्हान्स हिची मुलगी रॉबिन डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मली आणि दोन वर्षांची होण्याआधीच गेली. १९५३ साली तिच्यावर 'एंजल अनअवेअर' हे छोटं पुस्तक आलं. त्यात स्वर्गात गेलेली रॉबिनच बोलते, म्हणजे आईने मुलीच्या तोंडी शब्द घातले. त्या काळी अशी मुलं संस्थेत ठेवून विसरून जा असा सल्ला डॉक्टरच देत असत. अशा वेळी एका प्रसिद्ध बाईने आपली मुलगी उघडपणे जगासमोर आणली, ही मोठी गोष्ट होती.

१९६७ मध्ये इंग्लंडमध्ये नायजेल हंट या डाऊन सिंड्रोम असलेल्या तरुणाचं पुस्तक प्रसिद्ध झालं. ते त्याने स्वतः टाइप केलं होतं. पुढे १९९४ साली अमेरिकेत जेसन किंग्सली आणि मिचेल लेविट्झ या दोन मित्रांचं 'काउंट अस इन' आलं, त्याचा बराच भाग त्यांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांतून उभा राहिला. शाळा, मैत्री, मुली, लग्न, राजकारण, सगळ्यावर ते दोघे स्वतःचं मत सांगतात.

आपल्याला ही तिसरी वाट सर्वांत जवळची आहे. सगळ्यांनाच टाइप करता येणार नाही, पण बोलता येतं, दाखवता येतं, मान हलवता येते. मुलाच्या तोंडी आपलं वाक्य घालण्याचा मोह मात्र टाळा. 'मी आईच्या पोटात असताना देवाने मला सांगितलं' या धर्तीची सुरुवात आपल्याकडे अजूनही होते. आईला काय वाटलं ते आईने आईच्या नावाने लिहावं. ते जास्त खरं उतरतं.

घरातलं सामान बाहेर काढा

आता पेटारे उघडा. गोमेकॉची फाइल, लसीकरणाचं कार्ड, गुणसूत्र तपासणीचा अहवाल, हृदयाच्या टू-डी इको तपासणीचे कागद, शाळेच्या डायऱ्या, स्नेहसंमेलनाचे फोटो, जुन्या मोबाइलमधले व्हिडिओ. पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, तेव्हा हाताशी आलेला प्रत्येक कागद फोनने टिपून ठेवा. मग एका लांब कागदावर वर्षं लिहून काय कधी घडलं ते मांडा. गणपतीचं साल, घराचं कौल बदललं ते साल, आजी गेली ते साल, असे आधार घेतले की तारखा जुळतात.

त्यानंतर इतरांना विचारा. सुईण किंवा नर्स, बालवाडीची बाई, रोज पाव घेऊन येणारा पोदेर, कदंबा बसचा कंडक्टर. तुमच्या मुलाशी त्यांचं स्वतंत्र नातं असतं, आणि त्यात तुम्हाला ठाऊक नसलेली एखादी बाजू निघते. आईबाबांच्या आठवणी एकमेकांशी जुळल्या नाहीत तर भांडू नका, दोन्ही लिहा. निदान कळलं त्या दिवशी नवरा काय म्हणाला हे बायकोला एक आठवतं, नवऱ्याला दुसरं. तो फरक वाचकाला खूप काही सांगून जातो.

त्याच्याकडून ऐकून घ्यायचं कसं

हा भाग सर्वांत वेळखाऊ आहे आणि त्यावर वेळ घालवणं सर्वांत सार्थकी लागतं.

आधी शरीराचा भाग समजून घ्या. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, तोंडातली जागा लहान आणि त्या मानाने जीभ मोठी वाटते, कानाच्या मधल्या भागात पाणी साचून ऐकू कमी येण्याचं प्रमाणही बरंच असतं. त्यामुळे उच्चार अस्पष्ट येतात. पण समज बोलण्याच्या बरीच पुढे असते. ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणं अवघड जातं, तर पाहिलेलं चांगलं लक्षात राहतं. म्हणूनच नुसते तोंडी प्रश्न विचारून काही हाती लागत नाही आणि पालक म्हणतात, 'त्याला आठवत नाही.'

तर फोटो दाखवा, वस्तू हातात द्या, जमलं तर त्या जागी घेऊन जा. शाळेच्या आठवणी शाळेच्या व्हरांड्यात निघतात. देवळाच्या उत्सवातल्या नाटकाची आठवण त्या मांडवाजवळ उभं राहिल्यावर निघते. घुमट आरतीची आठवण हवी असेल तर घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवून बघा.

'का' आणि 'केव्हा' हे प्रश्न बाजूला ठेवा. 'कोण होतं? मग काय झालं? तू काय केलंस? नंतर?' एवढ्यावर सगळं येतं. प्रश्न विचारला की गप्प बसा. उत्तर तयार व्हायला वेळ लागतो, आणि आपण घाईने दुसरा प्रश्न टाकला की पहिलाही हरवतो. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. 'मग तुला खूप आनंद झाला ना?' असं तर मुळीच विचारू नका, कारण त्याचं उत्तर हो असंच येणार. भावना विचारायची असेल तर चार चेहरे काढलेला कागद पुढे करा: हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला. बोट कुठे जातं ते बघा. माझ्या भावाचं बोट मला अपेक्षित नसलेल्या चेहऱ्यावर अनेकदा गेलं आहे, आणि लिहिण्यासारखं मला तिथेच मिळालं.

एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं पुरे. सकाळी, पेज-नाश्ता झाल्यावर, टीव्ही बंद, पंखा मंद. फोनचं रेकॉर्डिंग त्याच्यासमोर सुरू करा, लाल ठिपका दाखवा आणि बंद करण्याचं बटण त्यालाच दाबू द्या. त्याला नको वाटलं की तो थांबवेल. जवळ असं एक माणूस बसवा ज्याला त्याचे उच्चार कळतात, बहुधा भावंड. त्याच दिवशी संध्याकाळी ऐकून उतरवून काढा. आठवडा गेला की अर्धे शब्द तुम्हालाच लागत नाहीत.

उतरवताना त्याची वाक्यं सुधारू नका. आपल्यातल्या बहुतेक घरांत बोलणं कोकणीत आणि लिहिणं मराठीत चालतं. तो 'म्हाका नाका' (मला नको) म्हणाला असेल तर तेच लिहा. निवेदन मराठीत राहू द्या, त्याचं बोलणं त्याच्या तोंडचं. गोव्यातल्या वाचकाला अडचण येत नाही, आणि बाहेरच्याला पुढच्या-मागच्या वाक्यावरून कळतं. खुणा, हातवारे, विशिष्ट हुंकार हेही बोलणंच आहे. 'त्याने दोन बोटं कपाळाला लावली, म्हणजे आजोबा' असं सरळ लिहा.

हे काम पुढे ढकलू नका, असं मी आग्रहाने सांगते. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचं सरासरी आयुर्मान २५ वर्षं होतं, ते आता ६० च्या आसपास पोचलं आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि घरात राहून मिळणारी काळजी यांमुळे हे घडलं. पण वाढत्या वयाबरोबर अल्झायमरचा धोका या लोकांना इतरांपेक्षा खूप लवकर आणि जास्त असतो, कारण मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाशी संबंधित एक जनुक २१ व्या गुणसूत्रावरच असतं. तुमचा भाऊ चाळिशीकडे झुकला असेल तर त्याच्या आठवणी याच वर्षी नोंदवायला घ्या.

जन्मापासून सुरुवात करू नका

या विषयावरची बहुतेक आत्मकथनं प्रसूतीच्या खोलीत सुरू होतात. डॉक्टरांचा चेहरा, नर्सची कुजबुज, आईचं रडणं. ते खरंच घडलेलं असतं, पण त्यामुळे वाचकाला आधी निदान भेटतं आणि माणूस नंतर. पुढची सगळी पानं तो त्या निदानाच्या चष्म्यातून वाचतो. आधी माणूस भेटवा. तो काहीतरी करतोय, त्याला काहीतरी हवंय, असा एक दिवस निवडा. प्रसूतीची खोली तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात येऊ द्या.

संपूर्ण आयुष्य लिहायला निघालात की हात थकतो. सहा-सात प्रसंग निवडा आणि प्रत्येक प्रसंग एका जागी, एका दिवसात ठेवा. फरक दिसावा म्हणून दोन नमुने देते. पहिला, नेहमी सापडतो तसा:

'माझा मुलगा म्हणजे देवाने आमच्या घरी पाठवलेला निरागस देवदूत. त्याला सणवार फार आवडतात. त्याच्या निर्मळ हसण्याने आमचं घर उजळून निघतं.'

आता तोच मुलगा, सण गणेश चतुर्थीचा (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट):

'चवथीच्या आदल्या दिवशी काका माटोळीच्या चौकटीला फळं बांधत होते. तो खाली टोपली धरून उभा. काय कधी द्यायचं ते त्याला पाठ आहे: आधी नारळ, मग सुपारीचं शिपटं, मग केळीचा घड, रानातली फळं शेवटी. यंदा चुलत भावाने मध्येच तोरिंजन उचललं. त्याने टोपली जमिनीवर ठेवली, तोरिंजन भावाच्या हातातून काढून घेतलं, पुन्हा टोपलीत ठेवलं आणि म्हणाला, "हें म्हजें काम." दुपारची पंगत बसेपर्यंत तो भावाशी बोलला नाही.'

दुसऱ्या नमुन्यात त्याच्या स्वभावाबद्दल एकही विशेषण नाही. तरी त्याची स्मरणशक्ती, त्याचा मान, त्याचा राग, घरात त्याला दिलेलं काम, सगळं समजतं. डाऊन सिंड्रोमचं नावही नाही. काकांनी ते काम त्याला कधी आणि कसं शिकवलं हे पुढच्या परिच्छेदात आलं, तर ते वाचून दुसऱ्या घरातला काका आपल्या पुतण्याच्या हातात टोपली देईल.

'देवाचं लेकरू' म्हणणाऱ्यांचा भाव चांगला असतो, हे मला मान्य आहे. पण देवदूताला राग येत नाही, त्याचं प्रेम जमत नाही, त्याला नोकरी लागत नाही, तो लाडू चोरून खात नाही. ज्या लिखाणात माणूस सतत हसतो, त्यात तो खोटा पडतो. तो रुसला तो दिवस लिहा, बाजारात खाली बसून राहिला तो दिवस लिहा, आणि त्या वेळी तो का बसला असेल याचा शोधही लिहा: गर्दीचा आवाज होता का, चप्पल लागत होती का, घरी जाणार की मामाकडे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं का.

याच्या उलट टोकाला दुःखाचं लिखाण असतं, त्यात आई जळत राहते आणि मूल ओझं होतं. तेही अपुरं. आईची थकलेली रात्र जरूर यावी, पण त्याच आठवड्यात तिने काय खाल्लं, कुणाशी हसली, मुलाने तिला कधी चिडवलं, तेही यावं.

डॉक्टरी भाग: थोडा, पण अचूक

वाचकाला कारण कळायला हवं, कारण गैरसमज अजून आहेत. ग्रहणात बाहेर पडली, अमुक खाल्लं, कुणाची दृष्ट लागली, हे आजही बाळंतिणीच्या उशाशी बोललं जातं. तुमच्या घरी तसं कुणी बोललं असेल तर ते लिहा, आणि लगेच खाली खरं काय तेही लिहा: माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना २१ वी जोडी नीट वेगळी झाली नाही की बाळात २१ व्या गुणसूत्राच्या दोन ऐवजी तीन प्रती येतात. सुमारे ९५ टक्के वेळा हेच कारण असतं. आईने गरोदरपणात काय केलं वा काय पाहिलं याचा त्याच्याशी संबंध नसतो. आईचं वय वाढलं की शक्यता वाढते हे खरं, पण तरुण आयांनाही अशी बाळं होतात. थोड्या मुलांत गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. त्या प्रकारात आई किंवा बाबा वाहक असू शकतात, म्हणून पुढच्या मुलाचा विचार असेल तर जनुकीय सल्ला घ्यावा. जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरने १८६६ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं. तिच्यामागे जादा गुणसूत्र आहे हे कळायला १९५९ साल उजाडलं.

जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो, थायरॉइडच्या आणि कानाच्या तक्रारी नेहमीच्या असतात. त्यामुळे कुठली तपासणी कधी झाली हे तुमच्या गोष्टीत आलं तर नव्या आईला प्रश्न विचारायला बळ येतं. पण 'आमच्या मुलाच्या बाबतीत, अमुक साली' असं म्हणूनच लिहा. औषधाचं नाव आणि मात्रा देऊ नका. एखाद्या गोळीने वा तेलाने मूल 'बरं झालं' असं कुणी सांगत असेल तर ते छापू नका, डाऊन सिंड्रोम हा बरा करण्याचा आजार नाही.

आजूबाजूची माणसं

भावंडांना लिखाणात जागा द्या. त्यांच्या वाट्याला लवकर आलेलं शहाणपण, शाळेत चिडवल्यावर झालेली मारामारी, 'लग्नाच्या वेळी सांगायचं का' हा प्रश्न. हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या, एक प्रकरण त्यांच्या नावाने ठेवा. बाबाही आपल्या लिखाणांतून गायब असतात. आजीचा विरोध आणि आजीची माया दोन्ही एकाच आजीत असू शकतात, आणि एका बाजूनेच लिहिलं की अन्याय होतो.

तक्रारीचं काय? एखाद्या शाळेने प्रवेश नाकारला, डॉक्टर उर्मटपणे बोलले, हे लिहायलाच हवं, कारण तेच दुसऱ्या घरांतही घडतं. पण नाव काढून टाका. शिवाय गोवा लहान आहे. नाव बदललं तरी तालुका, वर्ष आणि हुद्दा आला की वाड्यावरच्या सगळ्यांना माणूस ओळखता येतो. तेव्हा त्यांतलं एखादं काढा, किंवा त्या व्यक्तीला जाऊन विचारा. त्याऐवजी हक्क काय आहे ते ठळक सांगा: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १८ वर्षांच्या, ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा अधिकार आहे. ज्यांनी मदत केली त्यांची नावं मात्र, त्यांना विचारून, मोकळेपणाने द्या. पर्वरीचं संजय सेंटर किंवा फोंड्याचं लोकविश्वास प्रतिष्ठान यांसारख्या ठिकाणी तुमचं मूल शिकलं असेल तर तिथला एक दिवस सविस्तर लिहा. नव्या आईला तिथे आत काय चालतं ते डोळ्यांसमोर यायला हवं.

'आमच्यानंतर काय?'

हा प्रश्न प्रत्येक आईबाबांच्या मनात असतो आणि बहुतेक आत्मकथनं त्याच्या उंबरठ्यावर थांबतात. तुम्ही थांबू नका. रात्री झोप न लागण्याबद्दल लिहा, आणि त्यापुढे तुम्ही काय ठरवलंत तेही लिहा. मुलाची १८ वर्षं पुरी झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. तो अर्ज तुम्ही केलात का, कागद कुठले लागले, भावंडाशी बोलणं कसं झालं? निरामय आरोग्य विमा किंवा गोवा सरकारची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना घेतली असेल तर कार्यालयात कुठल्या खिडकीपासून सुरुवात झाली ते सांगा. नियम बदलतात, म्हणून प्रत्येक माहितीपुढे साल घाला. आणि तुमच्या मुलाला स्वतःला कुणाबरोबर, कुठे राहायला आवडेल हे त्याला विचारून त्याच्या शब्दांत लिहा. इतरांच्या योजनांत हाच आवाज बहुधा नसतो.

वाचून दाखवा, मग छापा

मसुदा झाला की तो त्याला वाचून दाखवा, एका दिवशी एकच प्रसंग. कुठे हसतो, कुठे उठून जातो, कुठे 'ना, तशें न्हय' म्हणतो ते समासात टिपा आणि दुरुस्त करा. त्याच्यासाठी सोपी प्रतही काढा: मोठं अक्षर, एका ओळीत एक छोटं वाक्य, प्रत्येक पानावर एक फोटो. ही प्रत नात्यातल्या लहान मुलांनाही आवडते, आणि उद्या त्याची काळजी घेणाऱ्या नव्या माणसाला तो कोण आहे हे लवकर कळतं. तिच्या शेवटच्या पानावर 'मला काय आवडतं, काय नको, मी घाबरलो तर काय करायचं' असं त्याने सांगितलेलं लिहून घ्या.

प्रसिद्ध करायचं तर २१ मार्चचा जागतिक डाऊन सिंड्रोम दिवस सोयीचा. २१ व्या गुणसूत्राच्या तीन प्रती म्हणून तिसरा महिना आणि एकविसावी तारीख, २०१२ पासून संयुक्त राष्ट्रंही तो पाळतात. दैनिकांच्या रविवार पुरवण्यांकडे मजकूर फेब्रुवारीतच पाठवा. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. २०२३ च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हापासून गोव्यात दिव्यांगांविषयी ऐकायला लोक उत्सुक झाले आहेत, अशा मेळाव्यात त्याने स्वतः एक पान वाचावं किंवा त्याचं रेकॉर्डिंग लावावं. पुस्तकच काढायचं असेल तर थोड्या प्रती छापणारे मुद्रक आता मिळतात आणि आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक भारतात मोफत मिळतो.

मुखपृष्ठावर त्याचं नाव लेखक म्हणून यावं, तुमचं 'शब्दांकन' म्हणून. मानधन आलं, मग ते दिवाळी अंकाचं थोडकंसं का असेना, तर त्याच्या बँक खात्यात भरा आणि पासबुकातली नोंद त्याला दाखवा. प्रती वाटायच्या असतील तर गावातलं वाचनालय, त्याची शाळा आणि तुमच्या मुलाला तपासणाऱ्या बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना यांपासून सुरुवात करा. दवाखान्यात प्रत डॉक्टरांच्या हातात देऊन सांगा की पुढचं निदान सांगाल तेव्हा ही त्या आईला द्या.